थंडीचा पाम आणि नाल्यावरची शिंदी

आजचा भाग एका मेलेल्या झाडाबद्दल आहे, आणि चूक माझीच होती.

बार्शीटाकळीच्या घरी, परसात मी विंडमिल पाम लावला होता. मूळ चीनचा, शून्याखाली १५ अंशांपर्यंत टिकणारा. स्पेक्स वाचून खूश झालो! पण आपल्याकडे परीक्षा थंडीची नसते ना. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि पानं टोकाकडून करपत आली. पामच्या खोडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो जळाला की बाजूनं फांदी फुटत नाही. झाड संपलं.

आजी म्हणाली, "नाल्यावर शिंदी हाय ना, तं हे कायले आनलं?"

खरंच की! शिंदीसुद्धा पामच. आपलं ऊन सोसते, हिवाळ्यातला गारठाही सोसते. अमेरिकेत फ्लोरिडात लोक तीच शोभेसाठी लावतात. आपल्याला मात्र ती फक्त फड्यापुरती आठवते.

पर्माकल्चरमध्ये एका झाडाकडून चार कामं घ्यायची असतात. शिंदीचे काटे कुंपणाला, पानं फड्याला आणि आच्छादनाला, फळं पाखरांना. नर-मादी झाडं वेगळी असतात, म्हणून फळं हवी असतील तर चार-पाच रोपं लावा. काटे टोचतात, तेव्हा वाटेपासून लांब. बी उगवायला दोन-तीन महिने लागू शकतात, धीर धरा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, काळ्या मातीत ते साचू देऊ नका. आणि शेंडा कधीच छाटू नका.

माझ्या कुंडीत तीन कोंब आलेत. आजी रोज मोजते. भेटू पुढच्या भागात!