गाडीमागचं घर सुटलं तर?

अमेरिकेतल्या रस्त्यांवर एक गंमत दिसते. पुढे मोटार आणि तिच्यामागे चक्क घर! आत पलंग, ओटा, फ्रिज, दिवे, सगळं काही. याला म्हणतात ट्रॅव्हल ट्रेलर.

आणि ओळख पाहू, 1969 साली चंद्रावरून परतल्यावर नील आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या दोन सोबत्यांना कुठे ठेवलं होतं? एअरस्ट्रीम कंपनीच्या अशाच ट्रेलरपासून बनवलेल्या बंद घरात! चंद्रावरचे जंतू सोबत आले असतील तर ते पसरू नयेत म्हणून!

गाडीमागच्या या घराला इंजिन नसतं. मोटारीच्या मागच्या हुकाला अडकवायचं आणि ओढत न्यायचं. सोपं वाटतं ना? थांब!

बैलगाडीत मागच्या बाजूला फार पोती रचली की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच! मागे वजन जास्त झालं की हुकावरचा भार कमी होतो. मग वेग वाढला की घर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतं आणि मोटारीलाही हेलकावे देतं. बाप रे! म्हणून जड सामान चाकांच्या जरा पुढे, अगदी खाली ठेवतात. अमेरिकेतला हिशेब असा: एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर हवा. भरलेलं घर 1000 किलोचं असेल, तर हुकावर 100 ते 150 किलो!

हुकाखाली दोन साखळ्याही असतात, फुलीसारख्या एकमेकींवरून नेलेल्या. हुक निसटलाच, तर घराचं नाक रस्त्यावर आपटत नाही, त्या फुलीत अलगद अडकतं.

आणि साखळ्याही तुटल्या तर? आता खरी कमाल ऐक!

घराच्या नाकाशी एक छोटीशी डबी असते. तिच्यात एक पिन. पिनेला बारीक तार, आणि तारेचं दुसरं टोक मोटारीला बांधलेलं. घर सुटलं की तार ताणली जाते, पिन टक्कन बाहेर येते आणि घर स्वतःच स्वतःचे ब्रेक लावतं! ना ड्रायव्हर, ना ब्रेकवर कुणाचा पाय!

ती डबी म्हणजे एक स्विच. पिन आत असेपर्यंत तो बंद. पिन निघाली की वीज धावते, चाकांतले विद्युतचुंबक जागे होतात आणि ब्रेक आवळतात.

पण मोटार तर पुढे निघून गेली! मग वीज कुठून आली? घराच्या स्वतःच्या बॅटरीतून! ती रिकामी असेल तर डबी काहीच करू शकत नाही. म्हणून दिवे आणि फ्रिज किती वीज खातात, यावर लक्ष ठेवावंच लागतं.

शिशाची बॅटरी पूर्ण भरली की साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. पण ती नीट भरायला 14.4 च्या आसपास रेटा लागतो. मोटारीतून वीज येते खरी, पण लांब, बारीक तारेतून येता येता तिचा जोर वाटेतच कमी होतो. मग बॅटरीजवळ एक खास चार्जर बसवतात, तो व्होल्ट पुन्हा वाढवतो. छतावर सौर पॅनल असलं तर आणखी छान! घर नुसतं उभं असलं तरी ऊन बॅटरी भरत राहतं.

आता एक कोडं तुझ्यासाठी. पाण्याची टाकी घराच्या अगदी मागच्या टोकाला आहे. ती काठोकाठ भरली, तर हुकावरचा भार वाढेल की कमी होईल? उत्तर कारणासकट आम्हाला लिहून पाठव!