बकुळीचे पहिले तीन उन्हाळे

खानदेशात वैशाखाचे ऊन कडक असते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा वेळी शाळेच्या आवारात किंवा चावडीपुढे गर्द सावलीचे झाड असावे, असे प्रत्येक गावास वाटते. बाराही महिने हिरवी राहणारी बकुळ या कामी उत्तम होय. चिकूच्या कुळातील हा वृक्ष मूळचा सह्याद्री व कोकणाकडील दमट हवेचा. कोकणात त्यास ओवळ म्हणतात. त्याची फुले वाळली तरी सुवास टिकतो.

सन १९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून पावसाळ्यात गावोगाव रोपे लावली जातात. परंतु पुष्कळदा त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावण्याची पाळी येते. पावसावर वाढलेले रोप उन्हाळ्यात जळते. बकुळीची वाढ मंद असल्याने मुळे खोल जाईपर्यंत निदान तीन उन्हाळे तिची निगा राखावी लागते.

खड्डा उन्हाळ्यातच २ फूट लांब, रुंद व खोल खणून तापू द्यावा. मातीत दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून तेथे रोप किंचित उंचवट्यावर लावावे. साक्रीकडील मुरमाड जमिनीत खड्डा ३ फुटांचा घेऊन त्यात तळ्यातील गाळ घालावा. भिंतीपासून २० फूट अंतर सोडावे. गुरांपासून रक्षणासाठी बाभळीच्या फांद्यांचे कुंपण करावे.

पाऊस सरताच रोपापासून हातभर अंतरावर एक मातीचे भाजलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे. ते पाण्याने भरून झाकण ठेवावे. झिरपणारे पाणी मुळांस हळूहळू मिळते व वाया जात नाही. पाणी आटताच मडके पुन्हा भरावे. काळी जमीन भेगाळली की ओल उडते व कोवळी मुळे तुटतात. यास्तव हलकी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात. आळ्यात केळीची वाळलेली पाने अथवा गवत पसरावे. मात्र ते खोडास टेकू देऊ नये. वाळवी दिसल्यास आच्छादन दूर सारून तपासावे.

पश्चिमेच्या बाजूस तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा उभारावा. उष्ण वाऱ्याने पानांच्या कडा करपल्या, तर तो रोग समजून औषध फवारू नये. आधी ओल व आडोसा पाहावा. शेंडा कधीही छाटू नये. खालच्या फांद्या दरसाल एक-दोन याप्रमाणेच काढाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने लावलेल्या रोपांची संख्या मोजून थांबू नये. प्रत्येक रोपाचे मडके कोणी भरावयाचे, हे लागवडीच्या दिवशीच ठरवून घ्यावे व ज्येष्ठात जिवंत रोपे मोजावीत. दहा रोपे लावून एकही न जगण्यापेक्षा दोनच लावून दोन्ही जगविणे गावाच्या अधिक हिताचे आहे.