नववीतल्या मुलांना प्रथमोपचार शिकवाच!

मृग लागला, सोयाबीनच्या पेरणीची गडबड सुरू झाली, की वाशीम जिल्ह्यातल्या घराघरांत एक काळजी शिरते. सरपणात हात घालायचा तो आधी काठीनं हलवून. विदर्भातल्या शाळाही जूनच्या अखेरीस उघडतात आणि पोरं धुऱ्यावरून, गवतातून शाळेच्या वाटेला लागतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं त्यांना पाठ असतात. पण मैत्रिणींनो, साप चावलाच तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलंय का?

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर शहरात राहतो, आमच्या घरी कुठला साप?" पण रिसोड काय, कारंजा काय, मंगरूळपीर काय, आपली शहरं जिथं संपतात तिथंच शेतं सुरू होतात. शिवाय मण्यार रात्रीची घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि फारसं दुखतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं, पोरगं अजून झोपेतच आहे!

म्हणून हे शिक्षण आठवी-नववीतच हवं. या वयात हातात जोर असतो आणि 'आमच्याकडे असंच करतात' हा हट्ट नसतो. ब्लेडनं चीर द्यायची, तोंडानं विष ओढायचं, दोरीनं करकचून आवळायचं, हे सगळे जुने उपाय डॉक्टर आता साफ नाकारतात. आवळल्यानं रक्तपुरवठा तुटून पायच गमावण्याची पाळी येऊ शकते. शिकवायचं ते सोपं आहे. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, पैंजण काढायचे. हात किंवा पाय सरळ काठीला ओढणीनं सैलसर बांधून स्थिर ठेवायचा आणि १०८ ला फोन करायचा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. सर्पविषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं, मांत्रिकाकडे नाही.

घरातल्या गोष्टीही यात येतात, बरं का. भाजलं की आपण हळद नाहीतर टूथपेस्ट शोधतो. त्याऐवजी वीस मिनिटं साधं गार पाणी. नळाला पाणी नसेल तर तांब्यानं ओतत राहा. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. घोळणा फुटला तर मान मागे नको, पुढे झुकवून नाकपुड्या दहा मिनिटं चिमटीत धरा.

श्वास थांबून कोसळलेल्याची छाती दाबणं मात्र वाचून येत नाही, हातानंच शिकावं लागतं. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटीमीटर खोल. सराव पुतळ्यावर करायचा, मैत्रिणीवर कधीच नाही! डेन्मार्कनं २००५ साली हे शाळेत सक्तीचं केलं, मोठ्यांनाही शिकवलं. २००१ मध्ये तिथं हृदय बंद पडलेल्या शंभरांपैकी वीस-एकवीस जणांना जवळचे लोक अशी मदत करत. २०१० पर्यंत हा आकडा पंचेचाळीसच्या घरात गेला.

आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्गही जातो. अपघातातल्या जखमीला हात लावला तर पोलिसांचं झेंगट मागे लागेल, असं आपणच मुलांना बजावतो, हो की नाही? पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यानं संरक्षण दिलंय.

हे शाळेकडे मागायचं कुणी? अहो, तुम्हीच! शिक्षणहक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तिथं विषय काढा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. स्काऊट-गाईडचं पथक असेल तर काम आणखी सोपं, त्यांच्या शिक्षणात प्रथमोपचार असतोच. पट्ट्यांचा खर्चही नाही. जुन्या सुती लुगड्याचा मीटरभर चौकोन धुऊन, उन्हात वाळवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा कापला, की दोन त्रिकोणी पट्ट्या तयार.