वाहनाची निगा : लेखांक सातवा
स्टेपनी आणि धुलाई

गेल्या आठवड्यात धावत्या चार चाकांचा विचार केला. आता जे चाक धावत नाही, आणि म्हणूनच ज्याची सर्वाधिक हयगय होते, त्या स्टेपनीचा तपास घ्यावयाचा आहे. करमाळा तालुक्यात उजनी जलाशयाच्या काठचा ऊस काय किंवा कंदरकडची केळी काय, शेतमालाच्या निमित्ताने जी पिकअप वाहने शिवारात उतरतात, त्यांची स्टेपनी बहुधा हौद्याखाली साखळीला टांगलेली असते आणि काळ्या रानाचा चिखल प्रथम तिच्याच वाट्याला येतो. धुणारा मात्र बॉनेट आरशासारखे लखलखले की कृतार्थ होतो! वाळलेल्या चिखलाखाली साखळीचा पेच गंजत राहतो, आणि जेऊरच्या रस्त्यावर रात्री चाक बसल्यावर पाना फिरवावा, तर साखळी तसूभरही खाली येत नाही.

यास्तव माझे मत असे की, धुलाई आणि स्टेपनीची तपासणी ही दोन कामे निराळी समजूच नयेत. धुण्याच्या दिवशी चाक पुरते खाली उतरवावे, साखळी व पेच धुऊन, कोरडे करून त्यांस ग्रीस द्यावे. टायर न वापरताही महिन्याकाठी एक-दोन पौंड हवा गमावतो. ती वाहनावरील तक्त्याप्रमाणे भरावी, आणि पुढल्या-मागल्या चाकांचे आकडे भिन्न असल्यास मोठा आकडा धरावा, कारण वाटेत हवा सोडता येते, भरता येत नाही. टायरच्या कडेवर चार अंकी तारीख असते : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी रबर वयाने तडकते, हे ध्यानात असावे. 2020 साली नियम बदलून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या लहान प्रवासी मोटारींना स्टेपनीवाचून फिरण्याची मुभा मिळाली. मालवाहू पिकअपधारकांनी त्या मुभेवर विसंबू नये.

धुण्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे रंगावर वाळू घासणे होय. आधी पाणी, मग साबण, आणि तेही सावलीत. दाबाच्या पाण्याची नळी टायरच्या कडेपासून हातभर दूर धरावी. विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी अंगावर वाळू दिल्यास पांढरे डाग उमटतात, म्हणून ते तत्काळ टिपावे. गाडीखाली डिझेल अथवा रॉकेल मारण्याची प्रथा पुष्कळांस प्रिय असली, तरी त्याने टायर व रबरी बुश फुगून मऊ पडतात. ती प्रथा सर्वथा त्याज्य होय. निघताना ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवावेत.

आषाढीस संत निवृत्तिनाथांची पालखी याच तालुक्यातून पंढरीस जाते. दिंड्यांचे सामान वाहणाऱ्या वाहनधारकांनी प्रस्थानापूर्वी स्टेपनी एकवार उतरवून पाहावी, ही विनंती. पुढील लेखांकात बॅटरीचा विचार करू.