बिलात सापडलेली भेट

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बिलावर एक बारीकसा रकाना असतो: सेवा कुठे दिली? दवाखान्यात दिली तर 11, आपत्कालीन विभागात दिली तर 23. जानेवारी 2017 पासून त्यात 02 ची भर पडली, म्हणजे रुग्ण तपासला तो टेलिमेडिसिनवरून. अभ्यासकाला वाटावं, चला, काम सोपं झालं. कोट्यवधी बिलांच्या ढिगातून 02 तेवढे वेचायचे. पण वाण्याच्या वहीवरून घरात काय शिजलं ते कळत नाही, उधार काय नेलं तेवढंच कळतं. बिल हे पैशांचं मागणं आहे, भेटीची नोंद नव्हे. पैसे देण्याचा नियम बदलला की बिलातली भेटही रूप बदलते.

2017 पूर्वीच्या खुणा वेगळ्या होत्या. उपचाराच्या कोडमागे 'जीटी' लिहिलं की भेट व्हिडिओवर झाली असं समजायचं. पुढे त्याच अर्थाचा '95' आला आणि 2018 पासून मेडिकेअरनं, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्यविम्यानं, बहुतेक बिलांवरून 'जीटी' काढून टाकला. शिवाय कोविडपूर्वी मेडिकेअरच्या रुग्णाला घरून बोलायची सहसा मुभा नव्हती. त्यानं ग्रामीण भागातल्या एखाद्या आरोग्यकेंद्रात जाऊन पडद्यासमोर बसायचं. त्या केंद्राला बसण्याच्या जागेचे पैसे वेगळे, 'क्यू3014' या कोडखाली. भेट एक, बिलं दोन! दोन्ही मोजणाऱ्याच्या हिशेबात टेलिमेडिसिन आपोआप दुप्पट होतं.

अशी चाळण लावूनच संशोधक अतीव मेहरोत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण मेडिकेअर रुग्णांच्या भेटी मोजल्या: 2004 मध्ये 7,015, तर 2013 मध्ये 1,07,955. खासगी विम्याच्या एका मोठ्या साठ्यात 2005 साली जेमतेम 206 भेटी सापडल्या, 2017 मध्ये 2,02,374.

मग मार्च 2020 उजाडला. मेडिकेअरनं घरून बोलायला परवानगी दिली, पण 02 लिहिलं की डॉक्टरांना दवाखान्यातल्या भेटीपेक्षा कमी दर मिळे. त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून सरकारनं सांगितलं, एरवी रुग्ण जिथे तपासला असता तीच जागा लिहा आणि मागे 95 जोडा. म्हणजे ज्या वर्षी मेडिकेअरमधल्या अशा भेटी सुमारे 8.4 लाखांवरून 5.27 कोटींवर गेल्या, त्याच वर्षी नुसतं 02 शोधणाऱ्याच्या जाळ्यातून त्यातल्या कितीतरी निसटणार. कारकुनी सोयीनं इतिहासाचा असा गोंधळ घातल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

फोनचं प्रकरण आणखी किचकट. साध्या फोन-भेटींना 99441 ते 99443 हे वेगळे कोड होते (2025 मध्ये तेही रद्द झाले). मानसोपचार मात्र फोनवर झाला तरी नेहमीच्याच कोडला 95 जोडून बिल करता येई. डॉक्टरांना रुग्णाचा चेहरा दिसला की नुसता आवाज ऐकू आला, हे त्या बिलावरून सांगता येत नाही. फक्त आवाजासाठीची '93' ही खूण आली 2022 मध्ये.

एवढं असूनही बिलं कामाची आहेत, कारण ती एकाच माणसाच्या मागे वर्षानुवर्षं चालतात. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या 2011 ते 2013 च्या बिलांवरून सर्दी-खोकल्यासारख्या तक्रारींचा अभ्यास झाला. त्याचा अंदाज असा, की टेलिमेडिसिनच्या 12 टक्के भेटींनीच दुसरीकडची खेप वाचवली. उरलेल्या 88 टक्के नव्यानंच वाढल्या. सोय झाली की खर्च घटतो, हा लाडका समज त्यानं चांगलाच हलवला. लबाडीही बिलांतूनच हुडकतात. कोविडच्या पहिल्या वर्षातल्या सुमारे 7.42 लाख बिल लावणाऱ्यांची छाननी करून सरकारी महानिरीक्षकांनी 1,714 जण धोक्याचे म्हणून बाजूला काढले.

आपल्याकडे असा अभ्यास करायचा तर बिलंच नाहीत. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, ई-संजीवनी या सरकारी सेवेवर मोफत सल्लाही मिळतो. पण बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च बहुतेक जण खिशातूनच करतात, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे दावे असतात ते मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांचे.

गंमत म्हणजे त्या अमेरिकन बिलांवरचे कोड लावण्याचं बरंचसं काम भारतात, आपल्या पुण्या-मुंबईतही चालतं. डॉक्टरांच्या टिपणात लिहिलेलं असतं: रुग्णाचा व्हिडिओ सुरू होईना, म्हणून फोनवरच बोललो. इथे बसलेली मुलगी 95 खोडून 93 लिहिते. त्याच संध्याकाळी तिची आई गावाहून एखाद्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलली, तर त्याची खूण मुलीच्या मोबाइलवरच उरते: यूपीआयनं पाचशे रुपये गेले.