घोड्यांच्या देशात एक दिवस

वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशगमन म्हणजे इंग्लंड किंवा अमेरिका, हे समीकरण आमच्या पिढीबरोबरच मागे पडले. आता गुजरात-महाराष्ट्रातील कितीतरी मुले किरगिझस्तानची राजधानी बिश्केक येथे डॉक्टर होण्यासाठी जातात. २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि मायदेशी परतल्यावर पुन्हा परीक्षा असा हा लांबचा प्रवास आहे. मात्र वसतिगृह, भारतीय खानावळ आणि व्याख्यानाचा वर्ग या त्रिकोणातच बहुतेकांची वर्षे सरतात. त्यात मे २०२४ मध्ये तेथे परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले. तेव्हापासून पालकांनी दूरध्वनीवरून आखलेली लक्ष्मणरेषा अधिकच ठळक झाली.

माझी भाची तेथे चौथ्या वर्षाला असताना सात-आठ जणांनी एक दिवस घोडेस्वारीला जाण्याचा बेत आखला. शहराच्या दक्षिणेस आला-तू पर्वतरांग आहे आणि तिच्या कुशीत चुन्कुरचाकचे खोरे. सकाळी निघावे, संध्याकाळी परतावे, इतके जवळ. तिच्या वडिलांनी अर्थातच नकार दिला. “मामा, बाबांना तूच समजाव,” असा फोन आला. घरात डॉक्टर असला की सर्व अपिले त्याच्याकडे येतात!

आम्हां सुरतेच्या मराठी मंडळींना घोडा म्हटले की जानेवारी १६६४ आठवतो. प्रत्यक्षात मात्र आपला त्याच्याशी संबंध वरातीपुरता आणि माथेरानच्या सहलीपुरता उरला आहे. घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून आठ-नऊ फूट उंचीवर असते आणि खालचे जनावर चार-एकशे किलोचे. या क्रीडेतील गंभीर इजा व मृत्यू यांत डोक्याच्या दुखापतीचा वाटा मोठा. म्हणून मी होकार दिला, पण अटी घातल्या. शिरस्त्राण मिळत नसेल तर स्वारी नाही. बूट टाचेचे हवेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. पडल्यावर फरफटत जाण्याचे भय असते ते त्यामुळेच. घोड्याच्या मागून जायचे नाही. आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा लस कधी घेतली होती ते आठवून सांग. शेवटच्या प्रश्नावर ती हसली. पण बालरोगतज्ज्ञाला लसीकरणाची तारीख विचारल्यावाचून राहवत नाही.

किरगिझ घोडा उंचीने बेताचा, काटक, डोंगर चढण्यात वाकबगार. आपल्या भीमथडीच्या तट्टाची आठवण व्हावी असा. लगाम एका हातात धरायचा आणि “चू” म्हणायचे, की तो चालू लागतो. त्या लोकांच्या ‘मानस’ या महाकाव्यात नायकाइतकाच त्याचा घोडा अक्कुला प्रसिद्ध आहे. सोविएत राजवटीत भटक्यांना सक्तीने स्थिर वस्तीत आणले गेले, तरी उन्हाळ्यात कळप घेऊन उंच कुरणांवर जाण्याची प्रथा टिकली. या कुरणांना ते ‘जायलू’ म्हणतात. तेथे नमद्याचा गोल तंबू उभारतात. त्याच्या माथ्यावरील लाकडी कडे देशाच्या ध्वजावर आहे.

मुलांना नेणारा वाटाड्या साठीच्या घरचा, धनगराच्या कुळातला. पहिला तासभर सर्वांनी खोगीर दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. दुपारी त्याने त्यांना आपल्या तंबूत नेले. चहा, रोटी, साय आणि घोडीच्या दुधाचे आंबवलेले कुमिस समोर आले. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेल्लोसिस होऊ शकतो, हे मी आधीच बजावले होते. तरी एक घोट घेतलाच. “आंबट ताकाला धुराचा वास,” असा भाचीचा अभिप्राय.

मुले डॉक्टरी शिकतात हे कळताच वाटाड्याची पत्नी पुढे येऊन बसली. गुडघे दुखत होते. वर्गातील व्याख्याने इंग्रजीत होतात, पण रुग्ण बोलतो तो रशियन किंवा किरगिझ. आमच्या मुलांचे खरे दुखणे हेच आहे, आणि प्रवेश मिळवून देणारे दलाल त्याविषयी अवाक्षर काढत नाहीत. रुग्णाची हकीकत स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय वैद्यक येत नाही. वॉर्डात ही मुले मागच्या रांगेत उभी असतात. येथे मागची रांगच नव्हती. केव्हापासून दुखते, सकाळी आखडतात का, सूज येते का, असे मोडक्या रशियनमध्ये विचारत मुलांनी अर्धा तास खर्ची घातला. आजीबाई त्यांची क्रियापदे सुधारत उत्तरे देत राहिल्या. उपचार कोणी सांगितला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा, एवढेच सांगितले. ते योग्यच झाले.

जाता जाता एक गोष्ट. घटसर्पाने गुदमरणाऱ्या बालकाला आपण जे प्रतिविष देतो, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजतागायत घोड्याच्याच रक्तातून येते. सर्पदंशावरील लसही तशीच. घोड्यावर न बसलेल्या आम्हां डॉक्टरांवरही त्याचे ऋण आहे, हे मी भाचीला त्या रात्री फोनवर सांगितले. ती म्हणाली, “मामा, ते सगळं खरं, पण जिना उतरवत नाहीये.”

मांड्यांचे दुखणे तीन दिवसांत थांबले. तिने रशियनची शिकवणी लावली आहे. तिचे पैसे वडील बिनतक्रार पाठवतात. घोड्याचे भाडे किती पडले, ते मात्र त्यांनी अजून विचारलेले नाही.