जुन्या मोटारीची तेलगळती : कारण कसं शोधायचं?

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता मेकॅनिकचा आहे. जुन्या, महागड्या मोटारीच्या इंजिनातून थोडंथोडं ऑइल गळतं, ते कसं थांबवायचं? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं यावर का बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण या कामात पान्याच्या आधी अनुमान लागतं. ते चुकलं तर एका रबरी पट्टीच्या कामासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवला जातो, आणि बिल पाहून मालक गाडीच मोडीत काढायला निघतो.

उदाहरणाला आपल्याच जिल्ह्यातली गाडी घेऊ. मर्सिडीज-बेंझनं टेल्कोच्या जोडीनं १९९५ साली पुण्यात मोटारींची जोडणी सुरू केली. पहिली गाडी होती ई २२०. तिचं इंजिन चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अॅल्युमिनियमचं. आज या गाड्यांनी पंचविशी केव्हाच ओलांडली आहे. इंजिन दणकट असलं, तरी दोन धातूंच्या मधलं रबर इतकी वर्षं टिकत नाही. रोज तापून आणि गार होऊन ते कडक होतं, दबून चपटं होतं, त्याची उसळी जाते. मग तिथून ऑइल पाझरायला लागतं.

आता अनुमानाकडे येऊ. न्यायशास्त्रात अनुमानाचा 'शेषवत्' नावाचा एक प्रकार आहे. त्याचा एक अर्थ असा, की कार्यावरून कारण ओळखायचं. भाष्यकार वात्स्यायन उदाहरण देतो ते नदीचंच. नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. आपण बावड्याचे लोक नीरेकडं बघून हेच म्हणतो. पण त्याच शास्त्रात आक्षेपही नोंदवला आहे. पाणी अडवल्यामुळंही नदी फुगते, मग पावसाचं अनुमान खरं कशावरून? आपण तर म्हणू, वीर धरणातून पाणी सोडलं असेल! त्यावर उत्तर असं, की नुसतं पाणी वाढलेलं बघू नका. ओढ किती आहे, फेस आहे का, पानं-लाकडं वाहून येतात का, तेही बघा. म्हणजे खूण नीट, तपशिलात बघा.

मोटारीखालचा डाग हीसुद्धा अशीच एक ढोबळ खूण आहे. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग तपकिरी-काळा असेल तर इंजिन ऑइल असण्याचा संभव जास्त. लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, चिंता नको.

समजा, डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पडला. लगेच कुणी सांगतं, 'क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' असेलही. पण ऑइल वरून खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्यानं मागं जातं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पाझरलेलं ऑइल हेडच्या पाठीवरून ओघळून नेमकं याच सांध्यापाशी येऊन टपकतं. म्हणून थेंब पडतो ती जागा सोडा, सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

ती शोधायची कशी? गार इंजिन डीग्रीझर आणि ब्रशनं स्वच्छ करा. वायरिंगच्या जोडण्यांवर पाणी मारू नका. ऑइल भरायचं झाकण, फिल्टर आणि खालचा ड्रेन बोल्ट आधी तपासा, कारण दोष बऱ्याचदा इतका साधा असतो. मग संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी थोडी फिरवून आणा आणि बॅटरी घेऊन बघा. कोरड्या पावडरीवर ओली रेघ उमटते. अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच. कव्हरखाली ओल आहे आणि त्याच्या वर कुठंच नाही, म्हणजे कारण कव्हरपाशी.

पण कव्हरचं पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर बघा. शेतावरचं डिझेल इंजिन ज्यांनी चालवलंय, त्यांना हे सांगायला नको. पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खाली उतरतोच, आणि ब्रीदर त्याला वाट देतो. ती नळी काजळीनं तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. पाणी अडवल्यानं फुगलेली नदी ती हीच. ब्रीदर तुंबलेला ठेवून नवं पॅकिंग बसवलं, तर तेही लवकरच पाझरायला लागेल.

पॅकिंग बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. कव्हर काढल्यावर दोन्ही बाजूंचं जुनं रबर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. लोखंडी पट्टीनं अॅल्युमिनियमवर चरे पडतात, आणि मग तिथूनच गळतं. स्पार्क प्लगच्या विहिरींभोवतीची रबरंही सोबत बदला. सिलिकॉन पेस्ट लावायची ती पुस्तिकेत सांगितलेल्या सांध्यावर, तीही टिकलीएवढी. जास्त लावली तर आत सुटून पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकते. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, थोडेथोडे आवळा. छोट्या बोल्टांना साधारण ९-१० न्यूटन-मीटर पुरतं, पण नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. जोर लावून आवळलं की पॅकिंग चिरडतं किंवा हेडमधले आटे जातात.

गळती बंद करणारी औषधं बाजारात मिळतात. ती रबर थोडं फुगवतात, त्यामुळं काही दिवस बरं वाटतं. फाटलेलं रबर किंवा तुंबलेला ब्रीदर त्यांनी दुरुस्त होत नाही.

प्रत्येक पाझर धावपळ करण्याजोगा नसतो. नुसती ओल असेल आणि गेजवर पातळी टिकत असेल, तर दर आठवड्याला पातळी बघत गाडी वापरता येते. पण ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल, जळका वास किंवा धूर येत असेल, तर गाडी थांबवा. आग लागू शकते. ऑइलच्या दाबाचा दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद करा. तशीच रेटली तर बेअरिंग जातात, आणि मग प्रश्न पॅकिंगचा राहत नाही. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम स्टँड लावा.

काढलेलं जुनं ऑइल पाटात किंवा ओढ्यात ओतू नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे, आणि ते पाणी शेवटी नीरेलाच मिळतं. डब्यात भरून, अधिकृत पुनर्वापराला ऑइल देणाऱ्या गॅरेजकडं द्या.

काम झाल्यावर शंभर-एक किलोमीटरनी पुन्हा बॅटरी घेऊन बघा. जागा कोरडी असेल तर तुमचं अनुमान बरोबर होतं. ओली असेल तर चिडू नका, पुन्हा स्वच्छ करा आणि पुन्हा वरून खाली बघत या.